सॉल्सबरीच्या मुलांचे ग्रंथालय: १८०३ ची देणगी आणि १८१० चा ठराव

मूळ लेख

मुलांच्या ग्रंथालयांचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आणि मोठ्या शहरांपासून सुरुवात करतात. ठेंगण्या टेबल-खुर्च्यांची स्वतंत्र दालने आणि मुलांना गोष्टी सांगणारे प्रशिक्षित ग्रंथपाल याच काळात आले, त्यामुळे त्याचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. पण त्याच्या ऐंशी-नव्वद वर्षे आधी एका आडबाजूच्या गावाने केवळ मुलांसाठी म्हणून ग्रंथालय चालवले होते, आणि त्याची हकिगत मला अधिक मोलाची वाटते.

हे गाव म्हणजे अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या वायव्य कोपऱ्यातले सॉल्सबरी. प्रदेश डोंगराळ, जमिनीत लोहखनिज भरपूर असल्यामुळे खाणी आणि भट्ट्या हाच गावाचा मोठा उद्योग होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इथल्या भट्टीत तोफा ओतल्या जात. अशा गावात १७५७ साली केलेब बिंगहॅम यांचा जन्म झाला. १७८२ मध्ये डार्टमथ कॉलेजातून पदवी घेऊन ते दोन वर्षांनी बॉस्टनला गेले, तिथे त्यांनी मुलींसाठी शाळा काढली, शाळांसाठी पाठ्यपुस्तके लिहिली आणि पुढे शिकवणे सोडून पुस्तकविक्री व प्रकाशनाचा व्यवसाय पत्करला. गाव सुटले होते, पण गावाशी असलेला धागा तुटला नव्हता.

जानेवारी १८०३ मध्ये त्यांनी सॉल्सबरीतील आपले बंधू डॅनियल यांना एक पत्र लिहिले. लहानपणी आपल्याला वाचनाची किती ओढ होती आणि हाताशी ग्रंथालय नसल्यामुळे ती कशी अपुरी राहिली, याची आठवण सांगून ते पुढे म्हणतात की, तीच ओढ असलेली आणि त्याच अवस्थेत सापडलेली मुले आजही आपल्या गावात पुष्कळ असतील. त्या मुलांसाठी त्यांनी स्वतःच्या दुकानातून सुमारे १५० पुस्तके देऊ केली. ९ ते १६ वर्षे वयाच्या मुलांनी ती वापरावीत, अशी योजना होती. गावातील मंडळींचे विश्वस्त मंडळ नेमले गेले आणि 'बिंगहॅम लायब्ररी फॉर यूथ' या नावाने ग्रंथालय सुरू झाले.

इथवरची हकिगत एका कृतज्ञ आणि उदार माणसाची आहे. गाव सोडून गेलेल्या, चार पैसे मिळवलेल्या माणसाने गावाला काही द्यावे, हे जगात सगळीकडे घडत आले आहे. मला महत्त्वाचे वाटते ते सात वर्षांनंतर घडलेले. १८१० साली सॉल्सबरीच्या ग्रामसभेने असा ठराव केला की, गावाच्या कारभाऱ्यांनी गावाच्या तिजोरीतून १०० डॉलर काढून या ग्रंथालयासाठी योग्य पुस्तके विकत घ्यावीत. तिजोरीतला पैसा कराचा होता. ज्यांच्या घरी ९ ते १६ वयाचे एकही मूल नव्हते, अशा गावकऱ्यांचाही त्यात वाटा होता. रस्ते, पूल आणि शाळा यांच्या पंक्तीला मुलांच्या वाचनाचा खर्च बसवायला त्या सभेने मान्यता दिली. एखाद्या गावाने सार्वजनिक ग्रंथालयावर कराचा पैसा खर्च केल्याचे अमेरिकेतील हे पहिले उदाहरण मानले जाते, आणि ते मुलांच्या ग्रंथालयाचे आहे, याचा मला फार आनंद होतो.

या ग्रंथालयाची जन्मतारीख म्हणून सगळीकडे १८०३ दिली जाते. माझ्या मते १८०३ मध्ये पुस्तके गावात आली. ग्रंथालय गावाचे झाले ते १८१० मध्ये. लहान समाजाच्या बालग्रंथालयाचा इतिहास लिहिताना देणगीच्या दिवसापेक्षा देणगी संपल्यानंतरचा पहिला निर्णय कोणता, तो कोणी घेतला आणि पैसा कुठून आला, हे आधी शोधावे, असे मला वाटते. जाणकारांनी यावर आपले मत द्यावे आणि अशी आणखी उदाहरणे माहीत असल्यास सांगावीत.

प्रतिसाद १

मी पुष्कळ वर्षे एका ग्रंथालयाच्या बालविभागात देवघेव सांभाळली आहे, त्यामुळे सात वर्षांचे ते अंतर मला अगदी ओळखीचे वाटले. मुलांच्या हातची पुस्तके मोठ्यांच्या पुस्तकांइतकी टिकत नाहीत, आणि त्यात मुलांचा दोष नसतो. जे पुस्तक आवडते ते पुन्हापुन्हा नेले जाते, भावंडांत फिरते, उशाशी घेऊन झोपले जाते; त्याची शिवण आधी उसवते, मग पहिली आणि शेवटची पाने गळतात. न आवडलेले पुस्तक मात्र वर्षानुवर्षे कोरे राहते. परिणामी कोणी नवी भर घातली नाही, तर पाच-सात वर्षांत कपाट भरलेले दिसते आणि त्यात वाचण्यासारखे काही उरलेले नसते. दाखल नोंदवहीत आकडा तोच असतो, पण देवघेव नोंदवही रिकामी पडत जाते.

दुसरी गोष्ट वयाची. १८०३ साली जे मूल नऊ वर्षांचे होते, ते १८१० मध्ये सोळा वर्षांचे होऊन मर्यादेच्या टोकाला आले. म्हणजे वाचकांची एक पिढी दीडशे पुस्तके वाचून बाहेर पडण्याच्या बेतात असताना ग्रामसभेने पैसे दिले आहेत. ठराव मांडणाऱ्यांच्या मनात हा हिशोब होता की नव्हता, याला फारसे महत्त्व नाही. कपाटासमोर रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला तो आपोआप कळतो. मूळ लेखातील मताशी मी सहमत आहे, आणि त्याला एवढीच जोड देतो की, अशा ग्रंथालयांचा इतिहास लिहिताना देवघेवीच्या वह्या जपून ठेवलेल्या असतील तर त्या सर्वांत आधी उघडाव्यात. कोणते पुस्तक किती वेळा गेले, हे त्या वहीइतके खरे दुसरे कोणी सांगत नाही.

प्रतिसाद २

लेख आवडला, पण 'पहिले' या शब्दाबद्दल थोडी सावधगिरी हवी. सॉल्सबरीने १८१० मध्ये जे दिले ते त्या वेळच्या खरेदीपुरते दिलेले अनुदान होते. त्यानंतरही गावाने अधूनमधून रकमा दिल्या, हे खरे. पण दरवर्षी इतकी तरतूद होईल, अशी हमी त्या ठरावात नव्हती. ग्रंथालयाचा कारभारही विश्वस्तांकडेच राहिला. म्हणूनच ग्रंथालयाच्या इतिहासकारांपैकी अनेक जण न्यू हॅम्पशायरमधील पीटरबरो या गावाला पहिला मान देतात. तिथे १८३३ मध्ये, एबिएल ॲबट या धर्मोपदेशकांच्या पुढाकाराने, राज्याकडून गावाला मिळणाऱ्या निधीचा एक भाग ग्रंथालयासाठी काढून ठेवण्यात आला आणि ते आरंभापासून गावाच्या मालकीचे व सर्वांना विनामूल्य खुले होते. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, त्याच ॲबट यांनी त्या आधी पीटरबरोमध्ये मुलांसाठी एक वेगळे ग्रंथालयही सुरू केले होते. म्हणजे तिथेही मुले आधी आणि मोठी माणसे नंतर, हाच क्रम दिसतो.

आणखी एक मुद्दा. बिंगहॅम यांनी लहानपणी ग्रंथालय नव्हते असे लिहिले, तरी सॉल्सबरीत १७७१ पासून वर्गणीवर चालणारे एक ग्रंथालय होते. रिचर्ड स्मिथ या लोखंडाच्या कारखानदाराने त्यासाठी लंडनहून सुमारे २०० पुस्तके आणवली होती. मग बिंगहॅम यांचे म्हणणे चुकीचे ठरते का? मला तसे वाटत नाही. १७७१ मध्ये ते चौदा वर्षांचे होते. त्यांच्या वाचनाच्या भुकेची कोवळी वर्षे तोवर निघून गेली होती. शिवाय गावात ग्रंथालय असणे आणि मुलाला त्यातले पुस्तक हाती मिळणे या दोन गोष्टी एक नव्हेत. वर्गणीदारांच्या ग्रंथालयात मूल वडिलांच्या नावावरच जाऊ शकते, आणि वडील वर्गणीदार नसतील तर जाऊच शकत नाही. बिंगहॅम यांची देणगी नेमकी या भिंतीला पाडलेले दार होती, असे मी म्हणेन.

धागाकर्ता

'पहिले' या शब्दाबाबतची दुरुस्ती मला मान्य आहे. १८१० चा ठराव आणि १८३३ ची व्यवस्था या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि दुसरी पायरी अधिक भक्कम आहे. मात्र माझा मुद्दा कोणाचा क्रमांक कितवा, हा नाही. पुढचा निर्णय झाला नाही तर काय होते, याचे उदाहरण मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन या गावाचे आहे. तिथे १८२७ मध्ये ग्रामसभेने मुलांच्या ग्रंथालयासाठी ६० डॉलर मंजूर केले. म्हणजे सॉल्सबरीत आरंभ देणगीदाराने केला, तर इथे तो गावाने स्वतःच केला होता. तरीही पाठबळ आटत गेले आणि साधारण १८३९ पर्यंत ते बंद पडले. आरंभ गावाचा असला म्हणून पुढचे सगळे सुरळीत होते, असेही नाही, हे मला त्यावरून शिकायला मिळाले. स्मिथ यांच्या ग्रंथालयाची माहिती दिल्याबद्दल आभार. भिंत आणि दार ही उपमा माझ्या मनात राहील.

प्रतिसाद ३

लेक्सिंग्टनचा उल्लेख आला, तर त्याच्या शेजारच्या गावाचाही यायला हवा. आज आर्लिंग्टन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावाचे नाव तेव्हा वेस्ट केंब्रिज होते. डॉ. एबेनेझर लर्नेड नावाचे एक वैद्य विद्यार्थिदशेत या गावात काही काळ शिकवत असत. पुढे ते दूर न्यू हॅम्पशायरमध्ये स्थायिक झाले. पण त्या गावाने आपल्याला शिकवण्याची संधी दिली, ही जाणीव त्यांनी आयुष्यभर ठेवली आणि मृत्युपत्रात वेस्ट केंब्रिजच्या मुलांच्या ग्रंथालयासाठी १०० डॉलर ठेवले. १८३५ मध्ये त्या पैशांतून ग्रंथालय सुरू झाले.

त्याचे पहिले ग्रंथपाल डेक्स्टर हे व्यवसायाने टोप्या बनवणारे कारागीर होते. आठवडाभर ते टोप्या करत आणि शनिवारी मुलांना पुस्तके देत. गावातली मुले त्यांना काका म्हणत. एका कुटुंबाला एका वेळी तीन पुस्तके नेता येत. हा संग्रह एकचाकी हातगाडीवरून हलवला जाई, अशी एक आठवण परंपरेने सांगितली जाते. ती शब्दशः खरी असो वा नसो, संग्रह केवढा लहान होता हे त्यावरून ध्यानात येते.

कुटुंबाला तीन पुस्तके, हा नियम मला विचार करण्यासारखा वाटतो. घरात पाच मुले असतील, तर कोणते पुस्तक कोणाच्या आवडीचे न्यायचे, यावर शनिवारी त्या घरात किती चर्चा होत असेल! आणि घरी आलेले पुस्तक फक्त मुलेच वाचत नसणार. आईवडीलही दिव्याच्या उजेडात ते हाती घेत असतील. १८३७ मध्ये वेस्ट केंब्रिजच्या ग्रामसभेने वर्षाला ३० डॉलर देण्याचे ठरवले. ३० डॉलर ही रक्कम १०० डॉलरपेक्षा बरीच लहान आहे. पण मूळ लेखाच्या भाषेत सांगायचे तर देणगीनंतरचा पहिला निर्णय तो होता आणि तो दरवर्षाचा होता. लेक्सिंग्टनचे ग्रंथालय ज्या सुमारास संपले, त्याच सुमारास शेजारचे हे ग्रंथालय मूळ धरत होते. पुढे त्यातूनच गावाचे सर्वांसाठीचे ग्रंथालय वाढले. आज ते रॉबिन्स लायब्ररी या नावाने चालू आहे, आणि देशातील अखंड चालत आलेले सर्वांत जुने विनामूल्य बालग्रंथालय आपले आहे, असे ते अभिमानाने सांगते.

प्रतिसाद ४

ही सगळी माहिती वाचून आनंद झाला, पण एक प्रश्न मनातून जात नाही. नऊ वर्षांखालच्या मुलांचे काय? बिंगहॅम यांच्या योजनेत त्यांना स्थान नाही, आणि त्यांच्या पुस्तकांचा विचार केला तर ते समजण्यासारखेही आहे. त्या काळी तरुणांसाठी योग्य म्हणून जी पुस्तके निवडली जात, त्यांत इतिहास, चरित्रे, प्रवासवर्णने आणि धार्मिक व नैतिक उपदेश यांचाच भरणा असे. निव्वळ गोष्टीसाठी लिहिलेली गोष्ट फार थोडी. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हाती देण्यासारखे त्यात काय सापडणार? आज आपण ज्याला बालसाहित्य म्हणतो, ते बहुतांशी नंतरच्या काळात निर्माण झाले. त्यामुळे 'मुलांचे ग्रंथालय' हा शब्द वापरताना ते किशोरांचे ग्रंथालय होते, ही नोंद आपण करायला हवी.

उलट, पुढे मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या काळात वय हीच मुलांच्या वाटेतली मोठी अडचण ठरली, ही मला खेदाची गोष्ट वाटते. अमेरिकेतील अनेक शहरांत बारा किंवा चौदा वर्षांखालच्या मुलांना ग्रंथालयात सभासदत्व मिळत नसे. म्हणजे सॉल्सबरीच्या खेड्यात १८०३ साली नऊ वर्षांच्या मुलाला जे मिळत होते, ते सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतर पुष्कळ शहरांतल्या मुलाला मिळत नव्हते. ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथे मिनर्व्हा सँडर्स यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून मुलांना मुक्तद्वार दिले आणि त्यांच्यासाठी ठेंगण्या बैठका केल्या, तेव्हा ते धाडस मानले गेले. हार्टफर्डच्या कॅरोलिन ह्यूइन्स यांनी १८८२ मध्ये निरनिराळ्या ग्रंथालयांना, मुलामुलींमध्ये चांगल्या वाचनाची गोडी वाढवण्यासाठी आपण काय करता, असे पत्राने विचारले आणि आलेली उत्तरे ग्रंथपालांच्या परिषदेपुढे मांडली. हार्टफर्ड हे कनेक्टिकटचेच शहर आहे. एकाच राज्यात ऐंशी वर्षांच्या अंतराने तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागला, याचे कारण काय असावे, यावर कोणी प्रकाश टाकू शकेल का?

प्रतिसाद ५

वरील प्रश्नाचे एक उत्तर शाळांमध्ये आहे, असे मला वाटते. १८३० च्या दशकात मुलांच्या वाचनाची जबाबदारी हळूहळू गावाच्या ग्रंथालयाकडून शाळेकडे सरकली. न्यूयॉर्क राज्याने १८३५ मध्ये कायदा करून शालेय विभागांना, म्हणजे शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक क्षेत्रांना, ग्रंथालयासाठी कर बसवण्याची परवानगी दिली: पहिल्या वर्षी २० डॉलर आणि नंतर दरवर्षी १० डॉलर. इतर राज्यांनीही हाच मार्ग धरला. दुसरीकडे चर्चच्या रविवारच्या धर्मशिक्षण शाळांची (संडे स्कूल) ग्रंथालये वाढत होती. मुलांची सोय झालीच आहे, असे मानून सार्वजनिक ग्रंथालये मोठ्या माणसांसाठी आखली गेली. प्रत्यक्षात शालेय विभागांच्या पुस्तकांची जबाबदारी कोणा एकाकडे नव्हती. पैसा होता, पण कपाट सांभाळणारे कोणी नव्हते. वेस्ट केंब्रिजच्या टोप्या करणाऱ्या काकांसारखे माणूस प्रत्येक विभागाला कुठून मिळणार? त्यामुळे पुस्तके हरवली, विखुरली, आणि पुढच्या पिढीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

म्हणून मूळ लेखातील सूत्रात मी एक भर सुचवतो. देणगीनंतरचा निर्णय जसा महत्त्वाचा, तसाच किल्ली कोणाकडे होती हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

प्रतिसाद ६

बिंगहॅम यांच्याविषयी एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. त्यांनी १७९७ मध्ये 'द कोलंबियन ऑरेटर' नावाचे एक शालेय पुस्तक प्रकाशित केले. त्यात भाषणे, संवाद आणि वक्तृत्वाचे धडे होते. सुमारे १८३० मध्ये, म्हणजे बिंगहॅम यांच्या मृत्यूनंतर तेराएक वर्षांनी, बाल्टिमोरमध्ये गुलामगिरीत असलेल्या साधारण बारा वर्षांच्या एका मुलाने स्वतः मिळवलेल्या ५० सेंटला ते विकत घेतले. तो मुलगा पुढे गुलामगिरीविरुद्ध लढणारा वक्ता आणि लेखक फ्रेडरिक डग्लस म्हणून जगाला माहीत झाला. त्या पुस्तकातील मालक आणि गुलाम यांच्या संवादाने आपल्या विचारांना शब्द मिळाले, असे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे.

सॉल्सबरीच्या ग्रंथालयाशी याचा थेट संबंध नाही, हे मला माहीत आहे. तरीही, पुस्तक हाती न येणाऱ्या मुलाचे दुःख ज्याने पत्रात लिहिले, त्याच्याच हातचे पुस्तक अशा एका मुलाकडे पोहोचले, ज्याला वाचायला शिकण्याचीच मनाई होती. बिंगहॅम यांनी बॉस्टनमध्ये मुलींची शाळा काढली तेव्हाही शहराच्या सार्वजनिक शाळांत मुलींना प्रवेश नव्हता. तो १७८९ मध्ये, आणि तोही वर्षातील काही महिन्यांपुरता मिळाला. १८०३ चे पत्र एखाद्या क्षणाच्या भावनेतून आलेले नव्हते, तर त्यामागे वीस वर्षांचे काम होते, एवढेच मला सांगायचे आहे. मूळ लेखात देणगीच्या क्षणाला थोडे कमी लेखले गेले, असे वाटले म्हणून हे लिहिले.

धागाकर्ता

प्रतिसाद ६ मधील तक्रार रास्त आहे. १८१० चे महत्त्व सांगण्याच्या भरात मी १८०३ ला केवळ उदार माणसाची हकिगत म्हणून बाजूला सारले. ते तसे नव्हते. पुस्तके निवडेपर्यंत त्या माणसाची वीस वर्षे मुलांना शिकवण्यात, मुलांसाठी लिहिण्यात आणि पुस्तकांच्या व्यवसायात गेली होती. गावाला पैसे देण्यासारखे काही दिसले, कारण आधी ते निगुतीने उभे केलेले होते. किल्लीचा प्रश्नही मी माझ्या टिपणात जोडून घेतला आहे.

वयाच्या प्रश्नावर मला अजून समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. नऊ ही मर्यादा बहुधा सलग वाचता येण्याच्या वयाशी जोडलेली असावी, एवढाच माझा तर्क आहे. पण वरच्या टोकाची सोळा ही मर्यादा मला जास्त बोलकी वाटते, कारण सतराव्या वर्षी तो वाचक कुठे जाणार, याचे उत्तर गावाला पुढे द्यावेच लागले. १८९० च्या दशकात जोनाथन स्कोव्हिल यांच्या देणगीतून सॉल्सबरीत सर्वांसाठी ग्रंथालयाची दगडी इमारत उभी राहिली. स्कोव्हिल मेमोरियल लायब्ररी या नावाने ती आजही चालू आहे, आणि बिंगहॅम यांच्या मूळ संग्रहातील उरलेली पुस्तके तिथेच जतन करून ठेवलेली आहेत. प्रतिसाद १ मध्ये उसवलेल्या शिवणीविषयी वाचल्यापासून मला ती पुस्तके प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा झाली आहे. दीडशेपैकी कोणती उरली आणि कोणती मुलांनी वाचून संपवली, हे त्यांच्याकडे पाहून कळू शकेल.